लाइट गेली तरी

“दादा, खिशातली किल्ली काढ,” मी म्हणलं.

दादानं लक्ष दिलं नाही. तो हर्डीकर सरांची चाकांची खुर्ची ढकलत एमआरआयच्या खोलीकडं निघाला होता, आणि त्याच्या पँटच्या मागच्या खिशातून मोटरसायकलच्या किल्लीचा लाल गोंडा लोंबत होता. समोर दारावर हाताएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की लोखंडी वस्तू आत नेऊ नका. मिरजेतल्या त्या स्कॅन सेंटरात दादा तीन महिने कामाला होता. पेशंटला आणायचं, टेबलावर झोपवायचं, परत बाहेर न्यायचं, हेच त्याचं काम. म्हणजे त्याला सांगायची गरज नव्हती. पण मला काही दिसलं की ते तोंडातून निघतंच.

“दादा, किल्ली. आणि ही खुर्ची पण लोखंडीच हाय.”

“खुर्ची दाराबाहेर थांबवायची असती. माहिताय मला.”

“मग किल्ली पण माहीत असंल की.”

बाकावर बसलेले दोन-तीन पेशंट हसले. काचेपलीकडं बसलेल्या अत्तार सरांनी मान वर केली. ते तिथले टेक्निशियन. दादाला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या एका शब्दावर होतं.

“सन्मती, बहीण बरोबर बोलती की,” ते म्हणाले. “तुझ्या जागी हिलाच ठेवून घेऊ काय?”

आता सगळेच हसले. दादाचे कान लाल झाले. त्यानं किल्ली काढली, टेबलावर आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “नववीतनं काढलेली मला शिकवतीया. सर, हिनं वर्गात मास्तरांना डस्टर फेकून मारला. शाळेनं घरी बसवली.”

“त्यांनी आधी मला मारला होता,” मी म्हणलं. “मी फक्त परत दिला.”

“त्रिशे, गप.” तो माझ्या जवळ आला. आवाज खाली, पण दात आवळलेले. “सरांचा नंबर मी मधे घुसवलाय. अत्तार सरांचे पाय धरून. आज काय गडबड झाली तर मी संपलो. आता तुझा आवाज ऐकू यायला नको. काय बी झालं तरी. कळालं?”

“कळालं.”

“कळालं का?”

“कळालं म्हणलं की.”

तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आता एकोणीस आहे, पण ते ‘कळालं’ मी कसं म्हणलं होतं ते मला अजून ऐकू येतं.

खरं भांडण किल्लीचं नव्हतं. ते सकाळी घरीच झालं होतं. दादानं सतरा नंबरचा फॉर्म आणला होता, शाळेत न जाता दहावीला बसायचा. मला न विचारता पूर्ण भरलेला. दादाचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. रविवारी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, लोक लांबून बोलवायचे. त्या अक्षरात त्यानं माझं नाव लिहिलं होतं, त्रिशला बाहुबली मगदूम, आणि खाली सहीची जागा तेवढी सोडली होती. मी म्हणलं, मी परीक्षा देणार नाही. तो म्हणाला, मग काय आईसारखी लोकांच्या घरी पोळ्या लाटणार? आई तिथंच पोळ्या लाटत होती. मी फॉर्मचे चार तुकडे केले.

आई ज्यांच्याकडं पोळ्या करायला जायची, तेच हर्डीकर सर. एकटेच राहायचे. तरुणपणी एका प्रयोगशाळेत होते, जिथं हेलियम गार करून त्याचं पाणी करतात. नंतर सांगलीत कॉलेजात शिकवलं. शाळा सुटल्यावर मी आईबरोबर त्यांच्या घरी जाऊन बसायची, तर त्यांनी एक दिवस माझ्या हातात तारा जोडायची, सोल्डरिंगची इस्त्री दिली. म्हणाले, रागावलेल्या माणसाचा हात स्थिर असतो, बघूया. त्या इस्त्रीनं मी रेडिओ बनवला. मला जे काय येतं ते त्या घरातलं.

आता त्यांचे हात बधिर पडायला लागले होते. चहाचा कप सुटायचा. दोनदा न्हाणीत पडले. डॉक्टर म्हणाले, मानेत मणका मज्जारज्जूला दाबतोय, स्कॅन बघितल्याशिवाय ऑपरेशनला हात लावणार नाही, आणि उशीर केला तर पाय पण जातील. त्यात सरांना दमा.

आधीचा पेशंट आत होता म्हणून आम्ही दाराजवळ थांबलो. आतून ठक-ठक-ठक असा आवाज येत होता.

“भांडलीस?” सर म्हणाले.

“न्हाई.”

“त्यानं किल्ली काढली ना?”

“काढली.”

“मग झालं तर. बरोबर ठरायला आणखी काय लागतं?” ते दाराकडं बघून हसले. “माझ्या माणसाची दोन्ही कामं आज एका जागी बघायला मिळणार बघ.”

त्यांचा माणूस म्हणजे जॉन बार्डीन. सरांच्या घरात त्याचा फोटो होता, चष्मा लावलेला, बँकेतल्या मॅनेजरसारखा दिसणारा. फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालेला तो एकच.

“पहिलं काम कुठलं, सांग.”

“ट्रान्झिस्टर. दोन जोडीदारांबरोबर.”

“हां. तो काचेमागचा कॉम्प्युटर, ते पडदे, तुझा रेडिओ, सगळं त्याच्यावर. ट्रान्झिस्टर म्हणजे काय?”

“विजेची तोटी. चालू, बंद.”

“आणि दुसरं?”

“ते मला नीट कळलं न्हाई.”

“लोकांना पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं कळत नव्हतं. काही धातू भयंकर गार केले की त्यातून वीज जाताना अडखळतच नाही. हे दिसत होतं, पण का होतं ते कुणाला सांगता येईना. बार्डीननं दोन तरुण पोरं हाताशी घेतली आणि तिघांनी मिळून सांगितलं. एकटा इलेक्ट्रॉन धडपडत जातो. गारठ्यात त्यांच्या जोड्या जमतात. जोडीनं चालले की त्यांना कुणी अडवू शकत नाही.”

“मग ते थांबतात कसे?”

“थांबत नाहीत. ह्या आतल्या चुंबकाची तार हेलियमनं तशीच गार ठेवलीय. तिच्यात एकदा करंट सोडलाय, कधीतरी चार वर्षांपूर्वी. तो अजून गोल गोल फिरतोय. ह्याला तोटी नाही.”

“आणि लाइट गेली तर?”

“लाइट गेली तर कॉम्प्युटर बंद. पंखे बंद. चुंबक चालू.” सरांनी बोट वर केलं, ते थरथरत होतं. “दिवे गेले की माणसाला वाटतं सगळंच बंद झालं. तिथंच फसतात.”

दादा चार पावलांवर ट्रॉलीची चादर बदलत होता. त्याला ऐकू गेलं असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. पाठ होती त्याची आमच्याकडं.

नंबर आला. दादानं आणि अत्तार सरांनी सरांना लाकडी ट्रॉलीवरून आत नेलं, टेबलावर झोपवलं. डोक्यावरून एक पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, त्याला डोळ्यांच्या वर तिरका आरसा होता.

“आरशात बघत राहा,” अत्तार सर म्हणाले. “दार दिसंल, म्हणजे कोंडल्यासारखं होणार न्हाई.”

नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. ती भिंतीतून बाहेर येऊन एका मशीनला जोडली होती, हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या. ते विजेवर चालायचं. टेबल सरकत आत गेलं आणि सरांचे नुसते पाय दिसायला लागले, पायमोज्याला भोक पडलेलं.

अत्तार सरांनी मला काचेच्या अलीकडं स्टुलावर बसू दिलं. भिंतीवर प्लॅस्टिकच्या झाकणाखाली एक लाल बटण होतं.

“हे कशाचं?” मी विचारलं.

“त्याला हात लावलास तर मी तुला भिंतीत चिणीन. ते दाबलं की आतला हेलियम सगळा उकळतो आणि छपरावरच्या नळीतून जातो. चुंबक मरतं. परत उभं करायला आठवडे लागतात. माणूस अडकला तरच दाबायचं. मी आजवर लावलेला न्हाई हात.”

दादा दारातून बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी ठरवून टाकलं होतं की आज तोंड उघडायचंच नाही. मी एरवी तापते, भांडते, दहा मिनिटांत संपतं. त्या दिवशी तापले नव्हते. आतून गार झाले होते.

बारा-तेरा मिनिटं झाली असतील. लाइट गेली.

पडदे काळे झाले, ठकठक थांबली. ऑक्सिजनचं मशीन एकदा शिट्टी वाजवून गप्प झालं. दाराच्या वरचा बॅटरीवरचा पिवळा दिवा तेवढा लागला. बाकावरची एक बाई म्हणाली, झालं कल्याण. जनरेटर का सुरू होईना म्हणून कुणीतरी पळालं, तर तो बघणारा माणूस चहाला गेलेला.

आतून सरांचा खोकला ऐकू आला. मग तो खोकला राहिला नाही. दम्याची माणसं श्वास ओढतात तसा नुसता आवाज.

अत्तार सर धावत आत गेले. टेबल हातानं ओढून बाहेर काढायला लागतं, ते ओढायला लागले. पाठ दाराकडं.

“सन्मती, ऑक्सिजन आण! पळ!”

आत न्यायचा सिलिंडर वेगळा असतो, ॲल्युमिनियमचा. तो त्या दिवशी भरायला गेला होता. दादाला ते माहीत होतं. तो कॉरिडॉरमध्ये पळाला आणि पलीकडच्या दवाखान्यातला काळा सिलिंडर घेऊन आला, लोखंडी, कमरेएवढा, लहान मुलाला धरतात तसा छातीशी धरलेला. दोन्ही हातांच्या शिरा तटतटल्या होत्या.

एक नर्स म्हणाली, “अरे, तो चालतो का आत?”

“लाइट न्हाई की. मशीन बंद हाय,” दादा म्हणाला.

आणि दारात थांबला. मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी स्टुलावर बसले होते, त्याच्यापासून तीन हातांवर. त्याचं कपाळ घामानं चमकत होतं. माझी आणि त्याची नजर नीट भेटली. मला वाटलं, हा मला म्हणतोय, आता बोलून दाखव.

मी नाही बोलले. दोन श्वास. मी मोजलेत नंतर, खूप वेळा. दोन.

तो वळून आत गेला.

दोन पावलं काही झालं नाही. तिसऱ्या पावलाला सिलिंडर त्याच्या छातीवरून पुढं आला, कुणीतरी दोरीनं ओढावा तसा. दादाचे पाय फरशीवर घसरायला लागले. सरांचं डोकं तेवढ्यात भोकातून बाहेर आलं होतं, टेबलावर, बरोबर समोर. दादानं सिलिंडर सोडला असता तर तो सरळ तिकडं गेला असता. त्यानं सोडला नाही. अंग पिळून त्यानं तो बाजूला वळवला, आणि सिलिंडर मशीनच्या कडेवर जाऊन बसला. मधे त्याचा उजवा हात.

तो आवाज मी लिहीत नाही.

मी झाकण उघडून बटण दाबलं. वर छपरावर काहीतरी फाटल्यासारखं भोंगावत सुटलं, ते थांबेचना. रस्त्यावरची माणसं सांगत होती, गच्चीवरच्या नळीतून पांढरे ढगच्या ढग निघाले, त्यांना वाटलं आग लागली. आत दादा गुडघ्यावर बसला होता, हात वर टांगलेला. अत्तार सर सरांना ओढत बाहेर आणत होते आणि ओरडत होते, सोडंल, आता सोडंल. अर्धं-एक मिनिट गेलं असेल. मग सिलिंडर आपोआप सुटून खाली पडला आणि गडगडत भिंतीला लागला.

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

तिसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव आलं. ‘पंधरा वर्षीय मुलीच्या प्रसंगावधानाने दोघांचे प्राण वाचले.’ गल्लीतल्या मंडळानं नारळ आणि शाल दिली. ज्या शाळेनं काढलं होतं तिथल्या बाई घरी आल्या. आईनं ते कात्रण देव्हाऱ्याखाली ठेवलं. सगळे विचारायचे, तुला त्या बटणाचं कसं सुचलं गं? मी सांगायची, अत्तार सरांनी दाखवलं होतं. हे खरंच होतं. मला विचारलं तेवढं सगळं मी खरंच सांगितलं.

दादाची नोकरी गेली. पाट्या गेल्या. तो दिवसभर खाटेवर बसून डाव्या हातानं जुन्या कॅलेंडरच्या मागं अ आ इ गिरवायचा. मी त्याच्याशी भांडायचं सोडून दिलं. तो म्हणाला भाजीत मीठ कमी हाय, की मी उठून मीठ आणायची. आई म्हणाली, पोरगी शहाणी झाली.

सरांचं स्कॅन दुसऱ्या गावी झालं, ऑपरेशन झालं. मानेला पट्टा लावून ते घरी आले तेव्हा मी भेटायला गेले. इस्त्री टेबलावर होती, तापवलेली नव्हती.

“सन्मतीनं तो सोडला असता तर मी इथं नसतो,” ते म्हणाले.

“हं.”

“तू बटण वेळेवर दाबलंस.”

“हं.”

मग ते म्हणाले, “तो आरसा छोटा असतो. पण त्यात दार सगळं दिसतं. दाराच्या पलीकडं स्टूल होतं, ते पण दिसतं.”

मी फोटोतल्या चष्मेवाल्या माणसाकडं बघत राहिले.

“मला उत्तर नको,” सर म्हणाले. “मला दिलंस तर त्याचा काही उपयोग नाही.”

त्यानंतर पण मी दोन महिने काढले. दिवसातून चार वेळा सुरुवात करायची. दादा, एक सांगायचंय. मग तो मान वर करायचा आणि मी म्हणायची, चहा घेणार का?

मग एका दुपारी आई कामाला गेली होती. दादा खाटेवरून उठला आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. सतरा नंबरचा फॉर्म. भरलेला. डाव्या हातानं. अक्षरं उतरणीवर घसरल्यासारखी, काही रेघेच्या बाहेर. माझ्या नावातलं ‘त्रि’ तीनदा खोडून चौथ्यांदा जमलं होतं.

“आता फाडलास तर परत भरायला मला आठवडा लागंल,” तो म्हणाला.

“दादा, मला माहीत होतं.”

“काय?”

“लाइट गेली तरी ते बंद होत न्हाई. सरांनी मला तिथंच सांगितलेलं. तू दारात होतास, तवा मला माहीत होतं.” माझा आवाज कुठल्या तरी दुसऱ्या मुलीचा वाटत होता. “मी मुद्दाम बोलले न्हाई. तू सगळ्यांसमोर बोललास म्हणून.”

तो पेनाचं टोपण दातात धरून लावत होता. एका हातानं ते तसंच लावावं लागतं. लावून झालं तरी त्यानं पेन खाली ठेवलं नाही.

“मी दारात कशाला थांबलो असंल, तुला काय वाटतं?” तो म्हणाला.

“मला खुन्नस द्यायला.”

“येडे.” त्यानं बाहेर बघितलं. शेजारच्या अंगणात कुणीतरी गादीचा कापूस पिंजत होतं. “सर तिकडं तडफडत होते आणि मी तुला खुन्नस देत बसतोय? मला खात्री वाटत नव्हती. लाइट न्हाई म्हणजे बंद असणार, पण दारावर लिहिलेलं तर दिसत होतं. विचारायला अत्तार सरांची पाठ. म्हणून मागं वळलो. म्हणलं, मी चुकत असलो तर ही बोलणारच. ही काय गप बसणाऱ्यातली न्हाई.”

मी फॉर्मचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“तू गप बसलीस,” तो म्हणाला. “मग मी गेलो.”

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं करंगळीनं फॉर्म माझ्याकडं सरकवला. त्या हाताची करंगळी तेवढी आता सगळी कामं करते.

“सही कर. बाकी मी भरलंय. सही तुझीच लागती.”

मी सही केली. शेवटचं अक्षर रेघेच्या खाली गेलं. तो कागद उचलून त्यानं उजेडाकडं धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

“अक्षर घाण हाय तुझं,” दादा म्हणाला.